रुग्णास अनुरूप मनोपचारक कसा निवडावा?

नांदेड-लातूर परिसरात चिकित्सालय चालविणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाकडे असे रुग्ण येतात, ज्यांची तक्रार शरीराची असते आणि व्यथा मनाची असते. झोप येत नाही, छातीत धडधड होते, अन्नावर वासना नाही, हातापायांत त्राण राहिले नाही, असे ते सांगतात. आपण नाडी पाहतो, जिव्हा पाहतो, कोष्ठाची विचारपूस करतो आणि वातशामक योजना लिहून देतो. पुष्कळांना त्याने बरे वाटते. ज्यांना वाटत नाही त्यांना आपण शेवटी सांगतो, "एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला दाखवून घ्या." कोणाला दाखवावे, तेथे काय होईल, खर्च किती येईल, सोबत कोणाला न्यावे, पटले नाही तर काय करावे, यांपैकी काहीच आपण सांगत नाही. रुग्णही विचारत नाही. तो चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवतो आणि बहुधा ती तेथेच राहते.

ही निवड रुग्णावर सोडून देणे योग्य नव्हे, असे आमचे अनुभवाअंती मत झाले आहे. मनोपचारकाची निवड करून देणे हाही चिकित्सेचाच भाग होय. ती कशी करावी याविषयी काही विचार येथे मांडीत आहोत.

आमच्या हातून झालेली चूक

औसा तालुक्यातील एका पुनर्वसित गावातील एक वृद्ध माता अनेक वर्षे आमच्याकडे येत असत. भाद्रपद सरत आला की त्यांचा अनिद्रेचा व हृद्‌द्रवाचा त्रास वाढत असे. आम्ही शरद ऋतूतील पित्तप्रकोप व वाताचा अनुबंध असे निदान करून दरवर्षी औषध देत असू. एके वर्षी त्यांचा मुलगा बाहेर गेला असता आम्ही सहज विचारले, "मावशी, घरात झोपता कुठं?" त्या म्हणाल्या, "पत्र्याच्या शेडात. स्लॅबखाली जीव घाबरा होतो बघा, डॉक्टरसाहेब."

मग सर्व उलगडले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्यास काही मिनिटे असताना किल्लारी परिसरात जो भूकंप झाला, त्यात त्यांच्या घरातील दोन माणसे दगडमातीच्या भिंतीखाली गेली होती. त्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे उद्ध्वस्त झाली आणि सरकारी आकड्यांनुसार सुमारे आठ हजार माणसे मरण पावली. गणेशविसर्जनाच्या धामधुमीनंतर माणसे गाढ झोपेत होती. गावांचे पुनर्वसन झाले, नवी घरे मिळाली. परंतु मनाच्या जखमेची विचारपूस घरोघर जाऊन कोणी किती काळ करणार? जो भाग वैद्याच्या वाट्याला येतो, तो आम्ही इतकी वर्षे पाहिलाच नव्हता.

आम्ही त्यांना शहरातील एका तज्ज्ञाकडे पाठविले. चिठ्ठीत "अनिद्रा, चिंता" एवढेच लिहिले. मुलगा तपासणीच्या खोलीतही सोबत बसला. त्याच्यासमोर त्या काही बोलल्या नाहीत. झोपेची गोळी मिळाली, दिवसाही गुंगी राहू लागली, म्हणून पंधरा दिवसांत त्यांनी ती बंद केली आणि पुन्हा गेल्या नाहीत. दोष त्या तज्ज्ञाचा नव्हता. जे आम्हाला ठाऊक होते ते आम्ही त्यांना कळविलेच नव्हते.

दुसऱ्या वेळी आम्ही विचार केला. या मातेस स्त्री उपचारक हवी, एकटीने बोलता येईल अशी जागा हवी, गावाकडची बोली समजणारी व्यक्ती हवी आणि एकाच एस.टी.ने जाऊन संध्याकाळपर्यंत परतता येईल असे ठिकाण हवे. मनोविकारतज्ज्ञांच्या चिकित्सालयात काम करणाऱ्या एका महिला मानसशास्त्रज्ञांकडे आम्ही सविस्तर पत्र देऊन त्यांना पाठविले व मुलाला बाहेर थांबण्याविषयी आधीच समजावले. त्या मानसशास्त्रज्ञांनी घाई केली नाही. प्रथम दिवसा स्लॅबखाली दार उघडे ठेवून थोडा वेळ बसणे, मग दुपारी आडवे होणे, मग रात्र, असा क्रम कित्येक महिने चालला. आमच्याकडील अभ्यंग व शिरोधारा सोबत चालू होती. आता त्या घरात झोपतात. सप्टेंबरअखेरची ती पहाट मात्र अद्याप जागून काढतात. पूर्ण बऱ्या झाल्या असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पत्र्याची शेड सुटली.

चतुष्पादाची कसोटी

या प्रसंगानंतर आम्ही चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील खुड्डाकचतुष्पाद अध्याय नव्या दृष्टीने वाचला. वैद्य, औषध, परिचारक व रुग्ण या चारही पादांचे प्रत्येकी चार गुण तेथे सांगितले आहेत. रुग्णाच्या गुणांत स्मृती, सांगितलेले पाळण्याची वृत्ती व निर्भयता यांच्यासह ज्ञापकत्व, म्हणजे आपला रोग नीट सांगता येणे, हा गुण आहे. विद्यार्थिदशेत आपण तो पाठ करतो आणि रुग्णाला गुण आहे किंवा नाही एवढेच पाहतो.

मनोरोगात मात्र ज्ञापकत्व हे पुष्कळ अंशी समोरच्या व्यक्तीवर अवलंबून असते. हीच माता मुलासमोर मुकी होती आणि त्या भगिनीसमोर तासभर बोलली. निर्भयतेचेही तसेच. म्हणून अनुरूप मनोपचारकाची व्याख्या आम्ही अशी करतो : ज्याच्यापुढे या विशिष्ट रुग्णाचे ज्ञापकत्व जागे होते, तो त्याचा उपचारक. पदवी आवश्यक आहेच, पण तेवढ्याने भागत नाही.

आधुनिक मानसशास्त्रही निराळ्या मार्गाने याच ठिकाणी आले आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारक व रुग्ण यांच्यातील कार्यसंबंधाचे तीन घटक मांडले : उपचाराच्या उद्दिष्टाविषयी एकमत, करावयाच्या कामांविषयी एकमत आणि परस्परांविषयीचा विश्वास. उपचारपद्धती कोणतीही असो, हा संबंध जितका चांगला तितका गुण येण्याचा संभव अधिक, असे त्यानंतरच्या अनेक अभ्यासांत आढळून आले आहे.

कोण काय करतो?

आपल्याकडे सर्वांना सरसकट "मानसोपचारतज्ज्ञ" म्हणण्याची रीत आहे. त्यामुळे गोंधळ होतो. भेद असा :

मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीनंतर मनोविकृतिशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. ते निदान करतात, औषधे देतात, आवश्यक तर रुग्णालयात दाखल करतात.

चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाहीत. ते मानसिक चाचण्या व संवादातून उपचार करतात. त्यांचे नाव भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत असावे लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्यान्वये आहे.

समुपदेशक हे नाव अल्पमुदतीचा वर्ग केलेली व्यक्तीही लावू शकते व उत्तम प्रशिक्षित व्यक्तीही लावते. येथे शिक्षणाची चौकशी विशेष करावी. या व्यवसायाच्या नियमनासाठी संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा २०२१ मध्ये झाला.

आपल्या शास्त्रातील पदव्युत्तर वैद्यांचे स्थान येथे आवर्जून सांगितले पाहिजे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्यातील "मानसिक आरोग्य व्यावसायिक" या व्याख्येत मनोविज्ञान व मानसरोग या विषयात आयुर्वेदाची पदव्युत्तर पदवी धारण करणाऱ्यांचा समावेश आहे. ही आपल्यासाठी अभिमानाची बाब होय. त्याचबरोबर हेही ध्यानी घ्यावे की, हा उल्लेख त्या विशिष्ट पदवीचा आहे. केवळ स्नातक पदवीच्या बळावर आपण स्वतःस तसे म्हणवून घेऊ नये. सत्त्वावजयाचे तत्त्व आपणास ज्ञात असणे वेगळे आणि त्याचा नियमित अभ्यास व अनुभव असणे वेगळे.

प्रथम निकड ओळखावी

निवडीला वेळ असतोच असे नाही. आत्मघाताचे बोलणे अथवा प्रयत्न, अन्नपाणी सोडणे, नसलेले आवाज ऐकू येणे, अकस्मात भान हरपून असंबद्ध बोलणे, प्रसूतीनंतर बाळाविषयी विपरीत विचार, मद्य एकाएकी बंद केल्यावर कंप व भ्रम, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात पाठवावे व रुग्णास एकटे सोडू नये. कीटकनाशक घरातून हलविण्यास नातेवाइकांना स्पष्ट सांगावे. शेतकरी कुटुंबांत ही सूचना जीव वाचवू शकते. "आत्महत्येविषयी विचारले तर विचार डोक्यात शिरेल" ही समजूत चुकीची आहे. शांतपणे, सरळ विचारावे. उपरोक्त कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते. म्हणून गुन्ह्याच्या भीतीने प्रकरण दडपण्याचे कारण नाही.

राज्यातील येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथील चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एकही मराठवाड्यात नाही. त्यामुळे नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूर येथील विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था यांची रुग्णालये हाच आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा मुख्य आधार होय. तेथील मनोविकृतिशास्त्राच्या बाह्यरुग्ण विभागाचे दिवस व वेळ विचारून ते आपल्या टेबलावर लिहून ठेवावेत. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांकही तेथेच असावा.

अनुरूपतेची पाच अंगे

निकड नसेल तेव्हा पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) भाषा. देगलूर, बिलोलीकडील घरांत तेलुगू व कन्नड, उदगीर-निलंग्याच्या सीमाभागात कन्नड, किनवट-माहूरच्या तांड्यांवर गोरमाटी, नांदेड शहरात दखनी उर्दू व गुरुद्वारा परिसरात पंजाबी बोलली जाते. माणूस व्यवहार मराठीत करतो, पण रडतो मातृभाषेत. त्या भाषेचा उपचारक मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास रुग्णाची बोली समजून घेण्याची तयारी असलेला तरी असावा.

२) स्त्री की पुरुष, आणि एकांत. हा प्रश्न रुग्णालाच विचारावा, नातेवाइकास नव्हे. परिचारक हा चतुष्पादातील एक पाद आहे; परंतु त्याने कोणत्या वेळी आत असावे व कोणत्या वेळी बाहेर, हे ठरविले पाहिजे.

३) व्याधी व पद्धती यांचा मेळ. लातूरला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी परगावाहून येऊन खोली घेऊन राहणारा मुलगा, सासरी कोंडी झालेली सून, मद्यपी पती आणि विसर पडू लागलेले आजोबा यांना एकच उपचारक पुरणार नाही. विद्यार्थ्यासाठी वयात आलेल्या मुलांशी बोलण्याचा सराव असलेला, दाम्पत्यासाठी कौटुंबिक उपचार जाणणारा आणि व्यसनासाठी व्यसनमुक्तीचे काम करणारा उपचारक पाहावा. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून दाखवून देत आले आहे की, व्यसनाच्या उपचारात माजी व्यसनी व कुटुंब यांचा सहभाग किती मोलाचा असतो.

४) अंतर व खर्च. मानसोपचाराच्या बैठका बहुधा दर आठवड्याला व प्रत्येकी पाऊण तासाच्या सुमारास असतात. ज्याला दर खेपेस मजुरी बुडवून यावे लागते, त्याच्यासाठी दूरचा नामांकित उपचारक निरुपयोगी होय. जवळचा, परवडणारा आणि नियमित भेटणारा बरा.

५) सत्त्व. प्रवर, मध्यम व अवर असा सत्त्वपरीक्षेचा विचार विमानस्थानात आहे. मध्यमसत्त्व रुग्णास दुसऱ्याच्या आधाराने धीर येतो. त्याला समूहोपचार मानवू शकतो. अवरसत्त्व रुग्णास प्रारंभी स्पष्ट सूचना देणारा, हात धरून चालविणारा उपचारक हवा. हे अनुमान वैद्याइतके अन्य कोणी चांगले करू शकणार नाही, कारण आपण त्या घराला दोन-तीन पिढ्या ओळखतो.

पाठविण्यापूर्वी आपण विचारावे

वैद्याचे शास्त्रज्ञान, प्रत्यक्ष कर्माचा अनुभव, दक्षता आणि शुचिता असे चार गुण त्याच अध्यायात आहेत. मनोपचारकाला पहिल्यांदा भेटताना आम्ही त्यांवरूनच चार प्रश्न करतो.

शिक्षण कोठे झाले व नोंदणी कोणाकडे आहे? अशा प्रकारचे रुग्ण यापूर्वी किती पाहिले? उपचाराची योजना कशी आखता, गुण येतो की नाही हे किती बैठकांनंतर पडताळता, आणि औषधाची गरज वाटल्यास कोणाकडे पाठविता? बोललेले गुप्त राहील याची हमी काय?

चांगल्या उपचारकाला या प्रश्नांचा राग येत नाही. जो पहिल्याच भेटीत हमखास गुण येईल असे सांगतो, एकदम अनेक बैठकांचे पैसे मागतो, आधीची औषधे मनानेच बंद करावयास लावतो किंवा बंद खोलीत अनुचित सलगी करतो, त्याच्याकडे रुग्ण पाठवू नये. रुग्णास साखळदंडाने बांधणारी ठिकाणे तर सर्वथा वर्ज्य समजावीत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळील अशाच एका आश्रयस्थानास आग लागून बांधलेले २८ रुग्ण मृत्युमुखी पडले. मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई आहे. घरच्यांची श्रद्धा दुखवू नये. देवदर्शन जरूर करावे, पण औषधोपचार सोडू नये, असे सांगितल्यास ते ऐकतात, असा आमचा अनुभव आहे.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

मनोरुग्ण पुष्कळदा वैद्याच्या आधी औषधी दुकानात येतो. "झोपेची एखादी गोळी द्या" असे म्हणणारा ग्राहक हा बहुधा उपचारकाच्या शोधात असलेला रुग्ण असतो. अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारखी औषधे अनुसूची एच-१ मध्ये असून ती चिठ्ठीविना देता येत नाहीत व त्यांची स्वतंत्र नोंद तीन वर्षे जपावी लागते. परंतु केवळ नकार देऊन त्यास परत पाठवू नये. बाजूला घेऊन दोन शब्द विचारावेत व कोठे जावे ते सांगावे.

आयुर्वेदीय औषधे देतानाही सावधपणा हवा. शंखपुष्पीयुक्त पाठ्यासोबत फेनिटॉइन घेणाऱ्या दोन अपस्माराच्या रुग्णांचे वेग पुन्हा सुरू झाल्याचे आढळल्यावर संशोधकांनी प्राण्यांवर अभ्यास केला. दोन्ही औषधे काही दिवस सोबत दिल्यास रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण घटते, असे त्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केले. सर्पगंधेचा उन्माद व रक्तदाबवृद्धीतील उपयोग गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच आधुनिक वैद्यकापुढे ठेवला होता. परंतु तिच्यातील रिसर्पीन खिन्नतेच्या रुग्णास देऊ नये, असा इशारा औषधशास्त्र देते. जटामांसी, तगर, अश्वगंधा ही द्रव्ये झोपेच्या गोळ्यांसोबत घेतल्यास गुंगी वाढण्याचा संभव असतो. म्हणून "आणखी कोणती औषधे चालू आहेत?" हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा. "ती इंग्रजी गोळी सोडून हे घ्या" हे वाक्य मात्र कधीही उच्चारू नये.

पाठविल्यानंतर

पत्रात तक्रार, काळ, कौटुंबिक वृत्त, चालू औषधे आणि रुग्णाच्या संमतीने त्याची गरज लिहावी. आमच्या मातेच्या दुसऱ्या पत्रात आम्ही शेवटी लिहिले होते : "मुलासमोर बोलत नाहीत. स्लॅबखाली झोपत नाहीत. कारण विचारावे." एवढ्या तीन वाक्यांनी उपचाराची दिशा बदलली.

दुसऱ्या बैठकीनंतर रुग्णास बोलावून तीन गोष्टी विचाराव्यात : त्यांनी तुमचे ऐकून घेतले का? काय करावयाचे ते समजले का? पुन्हा जावेसे वाटते का? पहिल्या एकदोन भेटींत अवघडलेपण असतेच. जखम धुताना ती झोंबते, तसे मनाचेही आहे. परंतु चारपाच बैठकांनंतरही तिन्ही उत्तरे नकारार्थी असतील तर उपचारक बदलण्यास हरकत नाही. तसे उपचारकास मोकळेपणाने सांगावे. त्यात कृतघ्नपणा नाही, आणि अपयश तर नाहीच. रुग्णास मात्र हे आधीच सांगून ठेवावे. नाही तर एक उपचारक पटला नाही म्हणजे हा मार्गच आपला नव्हे, असे समजून तो घरी बसतो. आमच्या मातेचे पंधरा दिवसांनी नेमके तेच झाले होते.

या कामासाठी प्रत्येक तालुक्यातील आपल्या वैद्यबंधु-भगिनींनी व औषधविक्रेत्यांनी मिळून एक छोटी वही करावी, अशी आमची विनंती आहे. आपल्या भागातील उपचारक, त्यांची नोंदणी, भाषा, शुल्क, बसण्याचे दिवस आणि आपण स्वतः त्यांना भेटून आलो की नाही, एवढे तिच्यात असावे. ज्यांना आपण भेटलो नाही त्यांच्याकडे रुग्ण पाठविताना त्या मातेची पहिली चिठ्ठी स्मरावी. तिच्यात दोन शब्द होते, आणि ती खिशातच राहिली असती तरी काही बिघडले नसते.